जंगल कागदावरचं, उपग्रहातलं आणि जमिनीवरचं

वनांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. तलाठी, न्यायालय, उपग्रहाचं चित्र वाचणारा तंत्रज्ञ, वनरक्षक आणि गावकरी, सगळे ‘जंगल’च म्हणतात, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढची जमीन वेगळी असते. म्हणून उत्तर देताना प्रत्येक ठिकाणी आधी कोण बोलतंय ते पाहू.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या मुरमाड माळाच्या सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे. तिथे गुरं चरतात, एका कोपऱ्यात शाळा आहे. जंगल म्हणावं असं काहीच नाही. मग शाळेच्या नव्या खोलीसाठी वनखात्याची परवानगी कशाला? (एक वाचक, नागपूर जिल्हा)

कायदा जमिनीवर झाड आहे का एवढंच पाहत नाही, कागदावर काय लिहिलंय तेही पाहतो. ‘झुडपी जंगल’ ही पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली खास महसुली नोंद. जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी ही जमीनदारी पद्धत होती, तेव्हा शेतीला निरुपयोगी, खुरट्या झुडपांची, गुरं चारायला सोडलेली जमीन या नावाने लिहिली जाई. मालगुजारी गेली आणि या जमिनी सरकारजमा झाल्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्या विदर्भाबरोबर आपल्या राज्यात आल्या, नोंद मात्र तीच राहिली. दरम्यान गावं वाढली. याच जमिनींवर शाळा, दवाखाने, रस्ते, स्मशानभूमी आणि माणसांची घरं झाली.

१९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. ‘वन’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र त्या कायद्याने सांगितलं नव्हतं. ते सांगितलं सर्वोच्च न्यायालयाने, १२ डिसेंबर १९९६ रोजी, तमिळनाडूतल्या नीलगिरीतून आलेल्या गोदावर्मन खटल्यात. शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, आणि सरकारी दप्तरात ज्याची वन म्हणून नोंद आहे तेही वन, मग मालकी कोणाचीही असो. त्या दिवसापासून तुमचा मुरमाड माळ वनाच्या रांगेत जाऊन बसला. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याची कक्षा आवळली, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन १९९६ चाच अर्थ तूर्त पाळायला सांगितलं.

खुद्द झुडपी जंगलाचा निकाल २२ मे २०२५ रोजी लागला. वनासाठी अयोग्य ठरवलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमिनी वनाच्या व्याख्येतून सोडवा, अशी राज्य सरकारची मागणी होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. या जमिनी वनच आहेत, असं सांगून वाट मात्र काढून दिली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी दिल्या, त्यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे एकत्रित प्रस्ताव पाठवायचा. अशा जमिनींना पर्यायी वनीकरणाची किंवा पैसे भरण्याची अट लावायची नाही. त्या तारखेनंतर दिलेल्या जमिनींची कारणं मात्र सरकारला द्यावी लागणार आहेत.

तेव्हा तुमच्या शाळेचा सगळा प्रश्न एका तारखेवर येऊन थांबतो. शाळेला जागा कोणत्या आदेशाने आणि कधी मिळाली, तो कागद तहसील कार्यालयातून मिळवा. तो १९९६ च्या आधीचा असेल तर काम बरंच सोपं आहे.

प्रश्न : ‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’ यांत जास्त कडक कोणतं? (एक विद्यार्थिनी, जुन्नर)

नावावरून संरक्षित वन कडक वाटतं, पण प्रत्यक्षात उलट आहे. दोन्ही प्रकार १९२७ च्या भारतीय वन कायद्यातले. राखीव वनात जे स्पष्टपणे परवानगीने दिलं आहे तेवढंच करता येतं, बाकी सगळं मना. संरक्षित वनात जे स्पष्टपणे मना केलं आहे तेवढं टाळायचं, बाकीचं चालतं.

राखीव वन एका फटक्यात होत नाही. आधी कलम ४ खाली इरादा जाहीर होतो, मग वन जमाबंदी अधिकारी लोकांचे हक्क, वहिवाटा, चराई, पायवाटा तपासतो, आणि शेवटी कलम २० खाली अंतिम अधिसूचना निघते. या दोन कलमांच्या मधे जमिनी वर्षानुवर्षं अडकून पडल्याची उदाहरणं राज्यात पुष्कळ आहेत. संरक्षित वन कलम २९ खाली जाहीर होतं. त्यातला एखादा भाग सरकार ३० वर्षांपर्यंत बंद ठेवू शकतं, आणि ठरावीक जातीची झाडं राखूनही ठेवू शकतं.

तिसरा प्रकार ग्रामवनाचा, कलम २८ मधला. राखीव वनावरचे सरकारचे अधिकार त्यात गावाकडे सोपवता येतात. कायद्यात तो पहिल्यापासून आहे, पण तो वापरण्याचा उत्साह कोणत्याच सरकारने फारसा दाखवलेला नाही.

प्रश्न : एका बातमीत महाराष्ट्रात २० टक्के वन आहे, दुसरीत साडेसोळा टक्के. यातलं खरं काय? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

दोन्ही खरी, कारण मोजलेल्या वस्तू दोन आहेत.

२० टक्के हे ‘नोंदलेलं वनक्षेत्र’. सरकारी दप्तरात वन म्हणून असलेली जमीन, राज्यात ६१ हजार चौरस किलोमीटरच्या वर. तिच्यावर साग असो, गवत असो की नुसता कातळ, आकडा बदलत नाही.

साडेसोळा टक्के हे ‘वनाच्छादन’. ते मोजतं डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण. ही संस्था १९८१ ची, तिचा पहिला अहवाल १९८७ चा, आणि त्यानंतर साधारण दर दोन वर्षांनी अहवाल येतो. उपग्रहाच्या चित्रात एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा दिसला आणि झाडांच्या शेंड्यांनी त्याची १० टक्के जमीन झाकलेली असली, की तो वनाच्छादनात धरला जातो. जमीन कोणाची आणि झाड कोणतं, हे विचारात घेतलं जात नाही. म्हणून कोकणातली दाट आमराई, बांबूचं बेट, माडांची वाडी हे सगळं त्यात येऊ शकतं. उलट सोलापूर-नगरकडचं गवताळ माळरान दप्तरात वन असलं तरी या मोजणीत जवळजवळ दिसत नाही.

वनाच्छादनाचे पुन्हा तीन वर्ग आहेत. शेंड्यांनी ७० टक्के किंवा त्याहून जास्त जमीन झाकली तर अतिदाट, ४० ते ७० टक्के म्हणजे मध्यम दाट, १० ते ४० टक्के म्हणजे विरळ. दहाच्या खाली गेलं की झुडपी क्षेत्र, ते वनाच्छादनात धरत नाहीत. (पहिल्या प्रश्नातलं झुडपी जंगल आणि हे झुडपी क्षेत्र यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.) महाराष्ट्राच्या सुमारे ५० हजार ८०० चौरस किलोमीटर वनाच्छादनात सर्वांत मोठा वाटा विरळ वनाचा आहे, २१ हजारांच्या आसपास. शिवाय ही झाडी राज्यभर सारखी पसरलेली नाही. एकट्या गडचिरोली जिल्ह्याची दोन-तृतीयांश जमीन झाडांखाली आहे, तर मराठवाड्याच्या बहुतेक भागात वनाच्छादन नावापुरतंच.

आणखी एक शब्द बातम्यांत येतो, ‘वृक्षाच्छादन’. एक हेक्टरपेक्षा लहान तुकडे, बांधावरची, रस्त्याकडेची झाडं यांचा तो हिशेब. वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन यांची बेरीज करून ‘देशात २५ टक्के हिरवाई’ असा मथळा होतो. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीचं उद्दिष्ट एक-तृतीयांश जमिनीचं आहे, डोंगराळ भागात दोन-तृतीयांश. त्या उद्दिष्टाशी कोणता आकडा ताडून पाहिला आहे, हे मथळ्याखाली शोधायला हवं. ‘जंगल वाढलं’ ही बातमी आली की वाढ दाट वर्गात झाली की विरळ, आणि वनजमिनीवर झाली की बागायतीत, एवढं विचारलं तरी बातमीतला दम कळतो.

प्रश्न : अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प. ताडोबाला तिन्ही नावं लावलेली वाचली. नेमकं काय आहे ते? (एक पर्यटक, ठाणे)

ताडोबा खरोखरच तिन्ही आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, त्याला लागून अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प.

ही नावं आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. वन कायद्याची राखीव-संरक्षित ही वर्गवारी जमिनीची, तर ही त्याच जमिनीवर चढवलेली वन्यप्राण्यांसाठीची वर्गवारी. अभयारण्यात काही जुने हक्क चालू राहू शकतात आणि चराईला परवानगी मिळू शकते. राष्ट्रीय उद्यानात गुरं आत नेताच येत नाहीत. व्याघ्र प्रकल्पाला २००६ च्या दुरुस्तीने कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली आणि त्याचे दोन भाग पडले. गाभा क्षेत्र वाघासाठी अबाधित ठेवायचं, बफर क्षेत्रात गावं, शेती आणि वाघ यांचं एकत्र जगणं सांभाळायचं. ताडोबाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, बफर सुमारे १,१००. म्हणजे तुम्ही बफरमध्ये सफारीला जाता तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी गावाच्या शिवारात असता.

कमी ऐकलेला चौथा शब्द म्हणजे ‘संवर्धन राखीव क्षेत्र’. दोन मोठ्या अधिवासांमधली सरकारी जमीन लोकांचे हक्क न हलवता जपण्यासाठी तो आहे. दोडामार्ग तालुक्यातलं तिलारी २०२० मध्ये तसं जाहीर झालं. गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकाचं भीमगड या अभयारण्यांना सांधणारा तो पट्टा आहे. प्राण्यांच्या या येण्याजाण्याच्या वाटेला वनखातं ‘भ्रमणमार्ग’ म्हणतं. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून प्राण्यांना खालून वाट दिली आहे, ती अशाच भ्रमणमार्गासाठी.

क्षेत्र मोठं जाहीर केलं म्हणजे संरक्षण मोठं होतं असं नाही. सोलापूर-नगर भागातलं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात अख्ख्या वस्त्या, बाजारगावं, खाजगी शेतं आली. लोकांचे व्यवहार अडकले, राग मात्र पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, तोवर माळढोकही उरला नव्हता म्हणावं इतका दुर्मीळ झाला होता.

प्रश्न : वनखातं स्वतःच ‘कूप’ पाडतं, झाडं तोडतं, गवत जाळतं. याला संवर्धन कसं म्हणायचं? (एक वाचक, अलिबाग)

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर ‘काही ठिकाणी म्हणता येतं, काही ठिकाणी नाही’ असं आहे.

वनविभागाची रचना आधी पाहू. सर्वांत खाली वनरक्षकाचं नियतक्षेत्र, त्याला सगळे ‘बीट’च म्हणतात. काही बीट मिळून वनपालाचा राउंड, त्यावर वनक्षेत्रपालाचं परिक्षेत्र म्हणजे रेंज, आणि वर उपवनसंरक्षकाचा विभाग. जंगलाचे क्रमांक घातलेले तुकडे असतात, त्यांना ‘कक्ष’ म्हणतात. कोणत्या कक्षात कोणत्या वर्षी काय करायचं, हे साधारण दहा वर्षांच्या ‘कार्य आयोजने’त लिहिलेलं असतं आणि तिला केंद्राची मंजुरी लागते. त्या वर्षी तोडीसाठी आखलेला तुकडा म्हणजे कूप. कोणतं झाड जाणार ते आधी ठरतं. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला मोजतात, क्रमांक घालतात आणि बुंध्याशी साल तासून शिक्क्याच्या हातोड्याची खूण उठवतात. बुंध्यावर ती खूण नसलेला खुंट दिसला, तर ती चोरटी तोड समजायची.

रोपवनातली ‘विरळणी’ ही खरोखर झाडांच्या भल्याची. दोन-दोन मीटरवर साग लावला की हेक्टरी २,५०० रोपं बसतात. मेथीचा वाफा दाट उगवला तर आपण मधली रोपं उपटतो, तसंच इथे. टप्प्याटप्प्याने वाकडी, दबलेली झाडं काढली नाहीत तर सगळीच काठीसारखी बारीक राहतात.

‘जाळरेषा’ही तशीच. मध्य फेब्रुवारी ते मध्य जून हा वणव्याचा काळ. त्याआधी कक्षांच्या कडेने ठरावीक रुंदीचे पट्टे साफ करून, त्यावरचं गवत राखणीखाली जाळून टाकतात, म्हणजे पुढे लागलेला वणवा तिथे येऊन उपाशी मरतो. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाच्याच हातचे. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळणं, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून आग लावणं, नाहीतर विझवायची राहिलेली विडी.

पण मिश्र जंगल मुळापासून काढून तिथे एकट्या सागाचं रोपवन उभं करणं, याला संवर्धन म्हणता येणार नाही. तिथे लाकूड तयार होतं, पण हिरडा, बेहडा, तेंदू, चारोळी आणि त्यांच्यावर जगणारे जीव जातात. इंग्रजी अमदानीत वनखातं उभं राहिलं ते जहाजं आणि रेल्वेचे स्लीपर यांना लाकूड पुरवण्यासाठी. खात्याची बरीचशी परिभाषा त्या काळची आहे, आणि तिच्याबरोबर लाकडाकडे पाहण्याची ती नजरही काही अंशी टिकून आहे.

प्रश्न : बांबू झाड की गवत? आणि ‘गौण वनोपज’ म्हणजे कमी महत्त्वाची उपज का? (एक बचतगट कार्यकर्ती, कुरखेडा)

वनस्पतिशास्त्रात बांबू गवतच. वन कायद्यात मात्र २०१७ पर्यंत तो झाडांच्या यादीत होता, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही वाहतूक परवान्याचा प्रश्न येई. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू त्यातून सुटला.

वनातल्या बांबूची गोष्ट वेगळी, आणि ती तुमच्या जिल्ह्यातच घडली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपान, मध, लाख, औषधी वनस्पती यांच्याबरोबर बांबूही गौण वनोपजात घातला आणि त्यावर गावाची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना खात्याच्याच हातात होता. ग्रामसभा अडून बसली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबू विकून आलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा होऊ लागला.

‘गौण’ ठरलं ते लाकडाच्या तुलनेत, आणि तेही खात्याच्या हिशेबात. उन्हाळ्यात शेतीचं काम नसतं तेव्हा तेंदू आणि मोहफुलांवरच घर चालतं, अशी गडचिरोलीतली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांच्या हिशेबात तीच मुख्य उपज.

प्रश्न : आमची देवराई कोणत्या वर्गात मोडते? (एक ग्रामस्थ, संगमेश्वर)

नियम देवाचा असला तरी जमिनीची नोंद बघावी लागेल. काही देवराया महसूल खात्याच्या, काही वनखात्याच्या, काही देवस्थानच्या, तर काही खाजगी जमिनीवर आहेत. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास सुरू केला तेव्हापासून त्यांचं शास्त्रीय मोल सर्वांना पटलं आहे, पण देवराईसाठी वेगळा कायदा नाही. ज्यांना कायद्याचं कवच हवं, त्यांच्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यातलं ‘जैविक वारसा स्थळ’ ही एक वाट आहे. सिंधुदुर्गातल्या बांबर्डे इथे गावाने राई म्हणून राखलेली रानजायफळाची दलदल २०२१ मध्ये असं स्थळ झाली. तिचं क्षेत्र तीन हेक्टरही नाही. तुमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ठराव करून सुरुवात करता येते.

प्रश्न : खाणीसाठी जंगल गेलं तर तेवढंच दुसरीकडे लावतात म्हणे. मग तोटा काय? (एक वाचक, चंद्रपूर)

याला ‘पर्यायी वनीकरण’ म्हणतात. वनजमीन घेणाऱ्याने सर्वसाधारणपणे तेवढीच वनेतर जमीन द्यायची आणि तिच्यावर झाडं लावायचा खर्च सोसायचा, किंवा काही बाबतींत दुप्पट ऱ्हास पावलेल्या वनजमिनीवर लावायची. त्याशिवाय जंगल देत असलेल्या सेवांची किंमत म्हणून ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरायचं. हा पैसा ‘कॅम्पा’ या पर्यायी वनीकरणाच्या निधीत जातो, त्याचा कायदा २०१६ चा.

तोटा असा, की हिशेब हेक्टरांचा जुळतो, जंगलाचा नाही. शंभर वर्षांच्या मिश्र जंगलातली माती, ढोल्या, वेली, ओढे दुसऱ्या जिल्ह्यातल्या रोपांच्या रांगांतून मिळत नाहीत, आणि खाणीजवळच्या गावाला मोहाचं झाड तर नाहीच नाही. दुसरा तोटा कमी दिसतो. लागवडीला मोकळी जमीन हवी म्हणून गवताळ माळ निवडले जातात. ते ओसाड नसतात. लांडगे, काळवीट आणि धनगरांच्या मेंढ्या त्यांच्यावरच जगतात. तिथे खड्डे खणून झाडं लावली की एका अधिवासाची भरपाई म्हणून दुसरा अधिवास संपतो.

म्हणून तुमच्या भागात पर्यायी वनीकरणाचा फलक लागला, तर रोपांची संख्या वाचून पुढे जाऊ नका. या जागी आधी काय होतं, पाच वर्षांनी किती रोपं जगली आणि कोणाची चराई बंद झाली, हे तीन प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारा. उत्तरं माहिती अधिकारातही मिळतात.